दादाच्या सायकलचा नवा दांडा

सगळे ज्याला हळू मिस्त्री म्हणत, त्याच्या दुकानात हातोडी नव्हती. सायकलला हातोडी लावणाऱ्याचं तोंडही बघू नये, असं त्याचं ठाम मत. त्याच्याकडे सायकल टाकली की माणसाला चालायची सवय लागते, असं गिऱ्हाइकांचं मत. दोन्ही मतं खरी होती. नवा भाग बसवला की सायकल एक रात्र तरी दुकानातच ठेवायची, हा त्याचा शिरस्ता. "नांदू दे जरा," म्हणायचा, जणू घरात नवी सून आणलीय! सकाळी पुन्हा सगळं चाचपून बघायचा आणि मगच सायकल हवाली करायचा.

त्या आठवड्यात स्टँडवर होती ती त्याच्या दादाची सायकल. दादा वर्षभरापूर्वी तापाचं निमित्त होऊन गेला. जाण्याआधी त्याने मोठ्या हौसेने सीटखालचा दांडा मागवला होता, टायटॅनियमचा. दांडा आला तेव्हा मागवणारा राहिला नव्हता. आता वहिनीला शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका दवाखान्याच्या धुलाईघरात काम लागलं होतं. पाळी पहाटेची, त्या वेळी बस नाही. सायकल तयार झाली तर काम, नाहीतर त्यावर पाणी सोडायचं.

दांडा घट्ट निघाला. केसभरच जाड, पण एवढ्यानेच घात होतो. टायटॅनियम कोरडाच घालून पिळला तर तो फ्रेमच्या पोलादी नळीला असा डसतो की पुढे करवतच लावावी लागते. मग दांडाही गेला आणि फ्रेमही. मिस्त्रीने काठीला पॉलिश पेपर गुंडाळून नळी आतून घासली, पुसली, तांब्याची भुकटी असलेलं ग्रीस लावलं आणि दांडा न पिळता सरळ खाली दाबला. दांडा गेला, गेला आणि अडला. बरोबर दादाच्या उंचीला.

दादा ताडमाड. वहिनीसाठी सीट आणखी चार बोटं खाली हवी होती. त्याने दांडा काढून टॉर्च मारला. नळी आतून लख्ख, अडथळा म्हणून नाही. पुन्हा घासली. या वेळी अंगाचा भार टाकल्यावर दांडा चार बोटं खाली गेला. हात काढला तसा तो आपण होऊन वर आला, सावकाश, आणि जुन्या जागी थांबला.

मिस्त्री हसला. हवा कोंडली, दुसरं काय! त्याने नळीवरच्या, पाण्याची बाटली अडकवायच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू काढले, नळीची भोकं मोकळी झाली. पुन्हा दाबलं. भोकांतून हवा बाहेर आली आणि त्याच्या मनगटाला लागली, कुणी उसासा टाकावा तशी. हात सोडला. त्याच भोकांतून हवा आत ओढली गेली आणि दांडा वर आला. आता मात्र त्याचं हसू मावळलं, कारण वर ढकलायला आत काहीच उरलं नव्हतं.

त्याने दांडा खाली दाबून धरला, दांडा जागेवर पकडणारा क्लॅम्प करकचून आवळला आणि शिरस्त्याप्रमाणे रात्रभर नांदायला ठेवला. सकाळी कुलूप काढलं तर क्लॅम्पचा स्क्रू होता तसाच घट्ट. सीट मात्र दादाच्या उंचीला.

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. भीती वाटली, आणि खोटं कशाला सांगा, थोडं बरंही वाटलं. मग राग आला. "दादा, हट्ट पुरे आता," तो मोठ्याने म्हणाला. "तिने पोटाला काय खायचं?" मिस्त्री उठला, शेजारच्या वेल्डरकडे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा हातोडी मागून आणली.

दुपारी वहिनी आली तेव्हाही हातोडी त्याच्या हातातच होती.

"भाऊजी, तुम्ही आणि हातोडी?"

"दांडा खाली उतरत नाही, वहिनी. फ्रेम राहील की जाईल, सांगता येत नाही."

"ठेवा ती खाली. आधी मला बसून तर बघू दे."

ती हलकीफुलकी बाई, तिच्या भाराने काय होणार! तरी मन मोडायचं नाही म्हणून त्याने सायकल खाली घेतली, क्लॅम्प सैल केला आणि समोरून हँडल धरलं. वहिनी कशीबशी वर चढली. भोकांतून लांबलचक श्वास बाहेर पडला आणि दांडा अलगद खाली उतरला. थांबला तेव्हा तिचा पाय पेडलवर टेकला होता, गुडघा हवा तेवढाच वाकलेला. एवढं नेमकं माप त्यालाही पहिल्या फटक्यात जमलं नसतं. त्याने सीट हलवून पाहिली. ती तसूभरही हलली नाही. त्याने क्लॅम्प आवळला.

"आज रात्र नांदू दे इथेच," तो पुटपुटला.

"नको, मारून येते एक चक्कर. मला सवय कुठे राहिलीय," ती म्हणाली आणि निघालीही. भर दुपारचा रस्ता रिकामा होता. सुरुवातीला हँडल डगमगलं. सायकल एका अंगाला झुकली, आता पडते की काय असं वाटलं आणि आपोआप सरळ झाली. मग ती सुतासारखी धावू लागली.

"धरलीत ते बरं केलंत, भाऊजी!" मागे न बघता वहिनी ओरडली. "सीट एवढ्यात सोडू नका हं!"

मिस्त्री दुकानाच्या दारातून हललाही नव्हता. हातात पाना होता. वहिनी कोपऱ्यापर्यंत पोहोचली होती आणि तिच्या मागे कुणी नव्हतं.

"नाही सोडत," तो ओरडला.