साडूला न सांगितलेला निकाल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्यांना सगळे कानसेन म्हणत. लिफ्टच्या मशीनखोलीत गेले की ते आधी डोळे मिटून उभे राहायचे, मोटरची घरघर ऐकायचे आणि मगच पाना हातात घ्यायचे. मोटारींच्या शर्यतींचा नादही त्यांना कानामुळेच लागला. तरुणपणी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर त्या गाड्या पहिल्यांदा पाहिल्या, म्हणजे खरं तर ऐकल्या, आणि ताट वाढलेलं सोडून ते शेजाऱ्यांच्या दारात उभे राहिले. पुढे लग्न झालं, घर झालं, स्वतःचा टीव्ही आला. नाद काही सुटला नाही.

या नादात त्यांनी आणखी एकाला ओढलं होतं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्यांचा साडू. त्याचं औषधांचं दुकान रविवारीही दुपारपर्यंत उघडं असायचं. म्हणून शर्यत रेकॉर्ड करून ठेवायची आणि साडू आला की लावायची, असा शिरस्ता पडला होता. नियम एकच. साडू येईपर्यंत निकाल कानावर पडू द्यायचा नाही. फोन कपाटात, बातम्या बंद. एकदा वॉचमनने जिन्यात निकाल सांगून टाकला, तर कानसेनांनी महिनाभर त्याच्याशी अबोला धरला. बायको म्हणायची, "माझ्या बाळंतपणात तरी एवढी काळजी घेतली होतीत का हो?"

अलीकडे मात्र त्यांचं मन उडालं होतं. नवी इंजिनं आली आणि तो जुना आवाज गेला, ते त्यांनी कसंबसं पचवलं. मग रेडिओवरून चालकाच्या कानात त्याच्या संघातलं कुणीतरी सारखं बोलू लागलं : टायर जप, इंधन वाचव, मागच्याला पुढे जाऊ दे. चालकही निमूट ऐकायचे. आणि शर्यत संपली तरी संपायची नाही. पंच बंद खोलीत बसून चित्रण तपासत आणि पहिला आलेला तिसरा होई. आठवडाभर लोकांच्या तक्रारी निस्तरायच्या आणि रविवारी पुन्हा तक्रारींचेच निकाल बघत बसायचं, याचा त्यांना शीण येऊ लागला.

म्हणून काही महिन्यांपासून ते एक गोष्ट करत होते. साडू यायच्या आधी बाथरूममध्ये जायचे, नळ सोडायचे आणि फोनवर निकाल बघायचे. शर्यतीत काही घडणार असेल तर नीट बसायचं, नाहीतर नुसतेच डोळे उघडे ठेवायचे. साडूला खरं सांगायचा धीर होत नव्हता. त्याला या वेडात ओढलं ते आपणच. आता आपल्यालाच कंटाळा आलाय, हे कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय तो रविवारची वाट बघायचा. आठवडाभर खोकल्याची औषधं विकून त्याला दुसरं होतं काय?

त्या रविवारी शर्यतीत त्यांचा लाडका चालक चांगला चालवत होता. वय झालेला, जरा काही झालं की रुसणारा. त्याला हे दोघे 'जावई' म्हणत. जावई कित्येक दिवसांत जिंकला नव्हता.

"बघ, बघ! आत घुसला!" साडू खुर्चीच्या कडेवर आला. "अरे, तू बघतोयस ना?"

"बघतोय की."

"तोंड का असं? पोट बिघडलंय का? गोळी देऊ?"

"तू बघ रे."

शेवटच्या फेरीत जावयाने सगळ्यांना मागे टाकलं. साडू उठून उभा राहिला, टाळ्या पिटू लागला, स्वयंपाकघराकडे बघून ओरडला, "ताई, जावई जिंकला! गोड काहीतरी काढा!"

कानसेनांना ते बघवेना. "बस खाली," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "राहत नाही ते."

"काय राहत नाही?"

"त्याचं चाक कडेच्या पांढऱ्या रेषेबाहेर गेलं होतं. पंचांनी नंतर दंड म्हणून त्याच्या वेळेत काही सेकंद वाढवले. तिसरा आहे तो."

पडद्यावर जावई अजून हात हलवत होता. साडूने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग कानसेनांकडे.

"तुला कसं माहीत?"

कानसेनांनी नजर रिमोटकडे वळवली.

"तू निकाल बघून बसलास?"

"हो."

"आजच?"

इथे खोटं बोलता आलं असतं. पण कानसेन थकले होते. "नाही. बरेच दिवस झाले."

साडू हळूच खाली बसला. "म्हणजे मी इथे माकडासारखा उड्या मारतोय आणि तू मजा बघतोयस."

"मजा कसली रे. मला आता काहीच वाटत नाही. कोण जिंकलं, कसं जिंकलं, काही नाही. तुला सांगवेना."

"वॉचमनशी महिनाभर बोलला नाहीस तू."

"हो."

बायको वाटी घेऊन दारात आली, दोघांची तोंडं पाहिली आणि वाटीसकट परत गेली.

साडूने चप्पल पायात सरकवली. कानसेनांना वाटलं, संपलं. पण साडू दारापाशी थांबला.

"निदान तो बक्षीस घ्यायला पोडियमवर चढेपर्यंत तरी नाचू द्यायचंस मला."

"चुकलं."

"तुला नाही वाटत, ठीक आहे. मला वाटतं. मी काय एकट्याने बघू? घरी हिच्यासमोर? ती विचारते, या गाड्या गोल गोल का फिरतात."

कानसेनांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. "ये तू. मी बसेन. फक्त मला विचारू नकोस, कसं वाटलं म्हणून."

"आणि बाथरूममध्ये फोन न्यायचा नाही."

"तुला कसं कळलं?"

"नाहीतर कुठे बघणार तू? ताईंसमोर?" साडूने चप्पल काढली आणि पुन्हा खुर्चीत बसला. "लाव सुरुवातीपासून. आता दोघांनाही माहीत आहे. निदान जावयाने चालवली कशी, ते तरी नीट बघतो."

कानसेनांनी रिमोट उचलला आणि शर्यत पुन्हा मागे नेली. पडद्यावर सुरुवातीचे लाल दिवे विझले, गाड्या सुटल्या. साडू लगेच पुढे झुकला. कानसेनांनी उशी पाठीशी घेतली आणि दोन तास काढायच्या तयारीने पाय लांब केले.