पौर्णिमाच्या दाढेवरची चिमूट

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, आणि विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःजवळ तर मुळीच नाही. तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बाजारात भेटलात तर मी हसून जयभीम करीन आणि तुम्हाला वाटेल, किती साधी बाई आहे. सगळ्यांना तसंच वाटतं.

मी नर्स. आधी एटापल्लीकडच्या एका आरोग्य केंद्रात होते, नंतर बदली होऊन चिमूरकडे आले. मुलगी एकच, पौर्णिमा. सतरा वर्षांची. दत्तक घेतलेली — हे तिलाही ठाऊक आहे, गल्लीलाही. सध्या ती नागपूरच्या पलीकडे मुलींच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात आहे. नशेच्या गोळ्या. चंद्रपूरला होस्टेलच्या न्हाणीघरात बेशुद्ध सापडली, त्याला आता चार महिने झाले. शेजारी विचारतात तेव्हा आम्ही सांगतो, नीटच्या क्लासला टाकलं आहे. पण ते खोटं मी मोजतच नाही. लेकरासाठी तेवढं खोटं कोण बोलत नाही? मला दुसरं सांगायचं आहे.

दाखल करायच्या दिवशी तिथल्या समुपदेशक बाईंनी फॉर्म भरायला घेतला. घरात आणखी कुणाला व्यसन? मी म्हटलं, नाही. वर हेही म्हटलं की आम्ही पंचशील पाळणारी माणसं. नवरा शेजारी होता, त्यानं मान हलवली. तो बिचारा खरंच पाळतो. मग त्यांनी विचारलं, जन्म देणाऱ्या आईची काही माहिती? आणि मी — किती चटकन बोलले मी! मला वाटतं, घरून निघतानाच ते माझ्या जिभेवर तयार होतं. मी म्हटलं, "आदिवासी बाई होती. प्यायची. लई प्यायची. पोटात लेकरू असतानाही."

पौर्णिमा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. बाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "त्या लोकांत चालतेच ते. रक्तात उतरते मग."

त्या लोकांत. रक्तात. हे शब्द मला नवे नव्हते. माझ्या आजोबांना गावानं हेच ऐकवलं होतं, आणि ते आम्हा नातवंडांना बसवून सांगायचे, की पोरीहो, कोणाच्या रक्ताले नाव ठेवू नका, आपल्याले ठेवलं होतं. त्या खुर्चीत मला आजोबा आठवले. आठवून मी काय केलं? पदर नीट केला आणि सही कुठे करायची ते विचारलं.

आता सोमीबद्दल सांगते. सोमी म्हणजे पौर्णिमाची आई. माडिया आदिवासी बाई, वय असेल बावीस-तेवीस. आमच्या केंद्रात बाळंत झाली आणि नंतर तिचा ताप उतरेना. अंगात रक्त आधीच नव्हतं. नदीला पूर, रस्ता बंद, मोठ्या दवाखान्यात नेता येईना. आठ दिवस ती माझ्या वॉर्डात होती. एकदा तिच्या सासूनं लहानशा बाटलीत मोहाची दारू आणली. त्यांच्यात बाळंतिणीला घोटभर देतात, औषध म्हणून, आणि त्यात वावगं काही नाही. सोमीनं तोंड फिरवलं. काहीतरी पुटपुटली. मला माडिया येत नव्हती. आमच्या मदतनीस बाईनं सांगितलं, "पोरीच्या दुधात उतरते म्हणते." अंगात बसायचं त्राण नव्हतं, पण सातव्या दिवसापर्यंत ती पोरीला पाजत होती. आठव्या दिवशी गेली. घरी आधीची चार लेकरं. बापानं मुलीला शिशुगृहात दिलं. पुढे सगळं रीतसर, कोर्टाच्या कागदानं होऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा दीड वर्षाची होती.

म्हणजे मला माहीत होतं. ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलेलं. जगात हे सांगू शकेल असं पौर्णिमाच्या ओळखीचं एकच माणूस आहे, आणि ते मी आहे.

मग खोटं कशाला बोलले? इथं येऊन माझी जीभ अडते. थांबा — सांगते.

मी नस घासते. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, बोटावर घ्यायची आणि दातांवर फिरवायची. आमच्याकडे कितीतरी बायका घासतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण मी नर्सबाई. तोंडाच्या कॅन्सरची चित्रं घेऊन मी गावोगाव फिरलेली, बायकांना ओरडलेली, आणि डबी माझ्या पर्समध्ये, पावडरच्या डब्यामागे. नवऱ्याला लग्नात सांगितलं होतं की सोडली. सात वर्षांची असताना पौर्णिमाची दाढ किडली. सकाळची वेळ, मला पोलिओच्या ड्यूटीवर निघायचं होतं, आणि ही गाल धरून किंचाळत होती. घरात दुखीची गोळी होती. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून. पण आमच्या आईनं माझ्या दाढेला जे केलं तेच मी केलं — नसेची चिमूट त्या दाढेवर दाबली. पोर गरगरली, ओकली, आणि शांत झोपली. मी ड्यूटीवर गेले.

दुसऱ्या दिवशीही लावली. मग दाढ पडली, तरी ती येऊन म्हणायची, "आई, दुखून राह्यलं." मला कळत होतं की दुखत नाही. चिमूट दिली की ती गप बसायची, आणि मला कामं असायची. नऊ वर्षांची झाल्यावर ती मागेनाशी झाली. डबी भराभर रिकामी होऊ लागली. मी काय करायला हवं होतं, हे दहा गावांतल्या बायकांना मी तोंडपाठ सांगत होते. मी ओरडले नाही. ओरडले असते तर नवऱ्यानं विचारलं असतं, डबी कोणाची? म्हणून मी मोठी डबी आणली. हो. मोठी आणली.

पुढे शाळेत तंबाखू-सुपारीचा खर्रा, मग होस्टेल, मग गोळ्या. चिमटीपासून गोळ्यांपर्यंत सरळ रस्ता असतोच असं नाही, हे मलाही कळतं. पण पहिल्या पायरीवर बोट धरून उभं कुणी केलं?

दर महिन्याला तिथं पालकांची सभा होते. मुली एकेक उठून आपली कहाणी सांगतात. गेल्या खेपेला पौर्णिमा उठली. मी पर्स मांडीवर ओढून घेतली. आता ती डबी म्हणेल — आता म्हणेल. तिनं आठवीतल्या खर्ऱ्यापासून सुरुवात केली. दाढ गाळली. डबी गाळली. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला झाकून पुढे गेली. मग म्हणाली, "माझी जन्माची आई दारुडी होती. ते माझ्यात आलं. आता मले त्याच्याशी लढायचं हाय." बाई म्हणाल्या, याला म्हणतात प्रामाणिकपणा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याचे डोळे भरले होते. मीही वाजवल्या.

लहानपणी ती म्हणायची, अठरा वर्षांची झाली की आईचं गाव पाहायला जाईन, तू चलशील ना? आता त्या गावाचं नावही काढत नाही.

परवाच्या रविवारी मी एकटीच गेले होते. तिच्यासाठी कोथिंबीर भरलेली सांभारवडी नेली होती. आम्ही बाकावर बसलो. पुढच्या महिन्यात ती घरी यायची आहे, वजन भरलं आहे, केस विंचरलेले. वडी हातात घेऊन तिनं विचारलं, "आई, मले लेकरू झालं तं त्यालेही येईन का वं हे?"

मी म्हटलं, "डॉक्टरले विचारू."

तिनं वडी मोडून दोन तुकडे केले. मग म्हणाली, "नाई होऊ देत मी. माझ्यापाशीच संपू दे." अगदी साधेपणानं म्हणाली, उद्या शाळेत जात नाही म्हणावं तसं.

तुझी आई प्यायची नाही. एवढंच बोलायचं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, नवराही नव्हता. मी म्हटलं, "खाऊन घे, वडी मऊ पडते."

तिनं खाल्ली. डबा धुऊन आणून दिला. मी स्टँडवर आले, नळाच्या आडोशाला उभी राहून नस घासली, चूळ भरली, आणि चिमूरची गाडी लागली तेव्हा खिडकीजवळची जागा धरली.