अण्णांना सांगितलेले चुकीचे अर्थ

माझ्या सासऱ्यांविषयी माझी एक तक्रार आहे आणि ती मी अजून सोडलेली नाही. दादरच्या फुटपाथवर चादरी विकून मी स्वतःचं दुकान उभं केलं. उद्घाटनाला सासरची सगळी मंडळी आली, अण्णा तेवढे आले नाहीत. निरोप आला, सर्दी झाली आहे. मे महिन्यात सर्दी!

अण्णा फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जुन्या, अडगळीत पडलेल्या इंग्रजी शब्दांचा त्यांना नाद. रविवारी आम्ही गिरगावात त्यांच्याकडे जेवायला गेलो की त्यांची जाडजूड डिक्शनरी बाहेर यायची. "ओव्हरमॉरो म्हणजे येणारा परवा," ते सांगायचे. "बघा, आपला परवा शाबूत आहे. इंग्रजांनी त्यांचा हरवला." एकदा मी दुसऱ्या अळूवडीची वाट बघत होतो, तर म्हणाले, "ग्रोक म्हणजे दुसरा खात असताना आपल्यालाही मिळेल या आशेनं त्याच्याकडे टक लावून बसणं." सगळे हसले. मी त्या अळूवडीला हात लावला नाही.

गेल्या थंडीत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. परळच्या हॉस्पिटलमधून आम्ही त्यांना प्रभादेवीला आमच्या घरी आणलं. पेज गिळू लागले, उजवा हात थोडा उचलू लागले, पण तोंडातून शब्द नाही. स्पीच थेरपिस्ट बाई यायच्या, मोठ्या मायेच्या. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या : सफरचंद, मांजर, छत्री. अण्णा भिंतीकडे तोंड फिरवायचे.

"जीभ हलतेय त्यांची," बाई जाताना माझ्या बायकोला म्हणाल्या. "पण त्यांनी प्रयत्न केला पाहिजे. हे पहिले महिने गेले तर पुढे कठीण होतं."

बायकोनं स्वयंपाकघरात जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. वडिलांचा आवाज पुन्हा कानावर पडेल की नाही, एवढी एकच गोष्ट तिच्या मनात होती. मला तिचं ते भांडी धुणं बघवेना.

माझा स्वभाव तापट. वाटलं, आत जाऊन ओरडावं, मांजर म्हणायला काय जातंय तुमचं? पण धंद्यात मी एक गोष्ट शिकलोय. गिऱ्हाईक तोंड मिटून बसलं की त्याला विनवायचं नाही. मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायचं. सोलापुरी चादर हातात घेऊन सांगायचं, ही पानिपतची. माहितगार असेल तर त्याला गप्प राहवत नाही. एकदा त्यानं तोंड उघडलं की पुढचं मी बघतो.

संध्याकाळी मी त्यांची डिक्शनरी घेऊन पलंगाशी बसलो.

"अण्णा, हा शब्द बघा. ॲप्रिसिटी. म्हणजे जर्दाळूचा मुरांबा."

त्यांची एक भुवई वर गेली. मी वाचत राहिलो.

"ओव्हरमॉरो. म्हणजे सकाळी उशिरापर्यंत लोळत पडणं. आमच्या दुकानातल्या पोरांना हे दुखणं आहे."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. डाव्या हातानं चादर घट्ट धरली होती. चादर माझ्याच दुकानातली.

"आणि ग्रोक. हा तुम्हीच शिकवलात मला. ग्रोक म्हणजे जावयाला आग्रह करकरून वाढणं."

घशातून खरखर आली. ओठ वाकडे झाले, थांबले, परत जुळले.

"ना... ही."

"नाही कसं? तुम्हीच सांगितलंत, भर पंगतीत."

"मू... र्ख."

दुसऱ्या कोणी मला हे म्हटलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. मी हाक मारली, "अगं, लवकर ये! तुझ्या वडिलांनी मला शिवी दिली!"

ती कणकेच्या हातांनी धावत आली. "काय म्हणालात, अण्णा? परत म्हणा ना."

अण्णांना शरम वाटली असावी. त्यांनी तोंड पुन्हा भिंतीकडे फिरवलं. हातातलं गिऱ्हाईक उठून जाणार, असं मला दिसलं.

"त्यांना आता येत नाही गं," मी म्हटलं. "विसरले सगळं. ॲप्रिसिटी म्हणजे मुरांबा, हे मान्य आहे त्यांना."

"ऊ... न," अण्णा म्हणाले. डोळे माझ्यावर रोखलेले. बराच वेळ दम घेतला. "थं... डी... तलं."

"ऊन ते ऊन. त्याला वेगळा शब्द कशाला? थंडीतलं काय, वैशाखातलं काय?"

"अंगा... वर... घे." प्रत्येक शब्दाला कपाळाची शीर फुगत होती. "मग... क... ळेल."

बायको रडत होती आणि पीठ लागलेल्या मनगटानं डोळे पुसत होती, त्यामुळे गालभर कणीक. "अहो, पुरे करा आता," ती मला म्हणाली. "दमले ते. तुमची कुठेही घासाघीस सुरू. अण्णा, पडता का जरा?"

अण्णांनी मान हलवली. नाही. मग तो जड झालेला उजवा हात कसाबसा उचलून त्यांनी डिक्शनरीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी पान उलटलं. त्यांना नक्की येत असेल असा एखादा शब्द शोधू लागलो.