लालासाहेबांची परवानगी

कडेगावच्या अलीकडे हमरस्ता सोडून उसातल्या वाटेनं आत गेलं की लालासाहेबांचं घर लागतं. पुढं पत्र्याची पडवी आणि पडवीत लोखंडी खाट. सकाळी दूध डेअरीत घालून आले की ते त्या खाटेवर बसायचे, चष्मा लावायचे आणि लहान मुलांच्या साइट बघायचे. बदकांची गाणी, रंग भरायची चित्रं, बोलणाऱ्या गाई. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, भरघोस मिशांचा माणूस बदकांचं गाणं शेवटपर्यंत ऐकतो, याची वस्तीवर थट्टा व्हायची.

"काय हवालदार, आज कितवीत?" शेजारचा बाळासो वाटेवरूनच ओरडायचा.

"बालवाडीतच हाय अजून. तू येतोस का? तुजंबी नाव घालतो."

"मला न्हाई जमायचं गड्या. मी बालवाडीतनंच पळून आलेला."

हे सगळं सुरू झालं नातीमुळं. मुलगा जयराज आणि सून पूजा दोघंही शिरवळच्या कारखान्यात पाळीवर जायची, म्हणून शिवांजली लहानपणी आजीआजोबांकडंच राहिली. मग आजी गेली. घरात हे दोघंच उरले. लालासाहेब भाकरी करायला बसले की पोरीच्या हातात फोन द्यायचे. तिचा एक आवडता पिवळा ससा होता. त्याचा आवाज आतपर्यंत ऐकू आला की त्यांना बरं वाटायचं, घरात कुणीतरी बोलतंय असं.

एका दुपारी तो आवाज चालू असतानाच शिवांजली किंचाळली. लालासाहेब पिठाच्या हातानं बाहेर धावले. पडद्यावर तोच ससा होता, तेच गाणं होतं, फक्त त्याच्या हातात सुरा होता आणि तो आपल्याच पिलांना कापत होता. कुणीतरी मुद्दाम तसं बनवून ठेवलेलं. सुरुवात अगदी नेहमीसारखी, गोड. त्यानंतर कितीतरी दिवस पोर एकटी गोठ्यात जाईना. आजोबांचं धोतर धरून हिंडायची. फोन आपणच तिच्या हातात दिला होता, एवढं एकच लालासाहेबांच्या डोक्यात फिरत राहिलं.

त्यांनी एक जुना टॅब घेतला. शेजारची अक्षता कॉलेजात शिकते. तिनं त्याला कुलूप घालून दिलं आणि समजावलं, "काका, आता तुमी हो म्हटल्याबिगर ह्याच्यावर एकबी साइट उघडायची न्हाई. तिनं काय मागितलं की तुमच्या फोनवर घंटी वाजंल. तुमी बघायचं आणि मग हो नाहीतर नाही दाबायचं."

"मंजी गेटवरची ड्यूटी," लालासाहेब म्हणाले. ती त्यांना चांगलीच ठाऊक होती.

त्यांची तपासणी कडक होती. कुठलीही गोष्ट ते शेवटपर्यंत बघत, कारण ससाही सुरुवातीला गोडच होता. मग कडेला लुकलुकणाऱ्या जाहिराती एकेक दाबून त्या कुठं नेतात ते बघत. एका रंगांच्या साइटवरची जाहिरात दोनदा दाबल्यावर पत्त्यांच्या जुगारात जाऊन पोचली. ती साइट गेटवरूनच परत गेली. पोरीचं नाव, फोटो, शाळा विचारणाऱ्या साइटना ते उभंच करत नसत. "आमच्या पोरीचं वय ह्यांना कशाला पायजे? स्थळ बघत्यात का काय?" अशा गाळणीतून फार थोड्या साइट आत आल्या. पक्ष्यांचे आवाज ऐकवणारी एक, मराठी गोष्टींची एक, चित्रं जुळवायची एक. शिवांजली त्यात खूश होती. तिच्या शेजारी बसून तेही पुन्हा तेच बघत.

पहिलीत घालायची वेळ आली तशी जयराज तिला शिरवळला घेऊन गेला. टॅबही गेला. कुलूप मात्र लालासाहेबांच्याच खात्यावर राहिलं. ते बदलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

घर इतकं गप्प झालं की गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ करणं पडवीत ऐकू यायचं. आणि एके दिवशी घंटी वाजली. शिवांजलीनं माशांची एक साइट मागितली होती. लालासाहेब ती बघत होते, तेवढ्यात तिचाच फोन आला.

"आबा, हो म्हणा की! किती वेळ?"

"थांब की जरा. तपासतुया. काय काय हाय त्यात?"

"मासे आहेत. आबा, माझा दात पडला. आणि आमच्या बाई आहेत ना, त्या सारख्या शिंकतात."

दातापासून बाईंपर्यंत आणि बाईंपासून डब्यातल्या भेंडीपर्यंत ती बोलत राहिली. शेवटी त्यांनी हो दाबलं. "उघडली!" म्हणून ती ओरडली आणि फोन बंद झाला.

हे दरवेळी असंच व्हायचं. घंटी, मग तिचा फोन, मग हो, मग शांतता. हो लवकर दाबलं तर फोन येतच नाही, हेही त्यांना कळलं. एकदा सकाळीच तपासून झालेली साइट त्यांनी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली. संध्याकाळी ती बोलली. पुढच्या वेळी दुसऱ्या दिवसापर्यंत. आपण फसवतोय असं त्यांना वाटलं नाही. वाट बघितल्यानं पोरीचं काही बिघडत नाही, असं ते मनाशी म्हणत.

दिवाळीनंतर शाळेतल्या बाईंनी वाचनाची एक साइट सांगितली. घंटी वाजली. लालासाहेबांनी सगळी साइट वाचून काढली. मोठी अक्षरं, छोटे धडे, जाहिरात एकही नाही. इतकी चांगली साइट त्यांच्या गेटवर आजवर आली नव्हती. त्यांनी हो दाबलं नाही. तिचा फोन आला. "बघतुया," ते म्हणाले. पुन्हा आला, पुन्हा तेच. त्या आठवड्यात ती जितकं बोलली तितकं कधीच बोलली नव्हती. मग फोन थांबले.

आला तो पूजाचा.

"आबा, कामात हाय का?"

"न्हाई. बोल."

"शिवांजली काल शेजारणीचा फोन घेऊन बसली हुती. अभ्यासाचं उघडायचं म्हणून. मी ड्यूटीवर. त्यावर काय काय येतंय, त्या शेजारणीलाबी ठाऊक न्हाई. कायतरी घाण बघितलं तिनं. काय ते सांगंना. रातभर मला धरून झोपली." मग तिनं विचारलं, "टॅबवर ते उघडलंच न्हाई आबा. गावाकडं रेंज नसंल, न्हाई का?"

पूजानं हे मनापासून विचारलं होतं. व्हय म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता, आणि पुढची घंटीही त्यांच्याच फोनवर वाजली असती.

"रेंज हुती," लालासाहेब म्हणाले. "मीच दाबलं न्हाई."

"का वो? काय वंगाळ हुतं का त्यात?"

"न्हाई. लय चांगलं हुतं." मग म्हणाले, "दाबलं की ती फोन करत न्हाई."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

रविवारी ते एसटीनं शिरवळला गेले. शिवांजली मांडीवर येऊन बसली, नवा दात दाखवला, पण कुणाच्याच फोनकडं हात नेला नाही. टॅबचं कुलूप पूजाच्या फोनवर, तिच्याच खात्यावर करून झालं. लालासाहेबांनी सुनेला जाहिरात दाबून बघायची कशी, शेवटपर्यंत का बघायचं, ते दाखवलं.

"एवढं मी कवा बघू आबा? दोन पाळ्या, स्वयंपाक..."

"जमंल तेवढं बघ. न्हाई जमलं तर तिच्याजवळ बसून बघ. ती काय बघती ते तिच्या तोंडावर दिसतं."

जयराज पाळीवरून येऊन आत झोपला होता. त्याला उठवू नको, असं सांगून ते संध्याकाळच्या गाडीनं परतले.

फोनवर आता घंटी वाजेना. सकाळी दूध घालून आल्यावर ते खाटेवर बसत आणि चष्मा तसाच खिशात राहायचा. आपण होऊन फोन करायची त्यांना सवय नव्हती. पलटणीत असताना गावाकडं फोन व्हायचा तो जन्माचा, मरणाचा नाहीतर रजा मंजूर झाल्याचा. कारणाशिवाय फोन लावून काय बोलतात, हे त्यांना येत नव्हतं. बाळासोनं एकदोनदा विचारलं, "शाळा सोडली का काय हवालदार?" त्यांनी नुसता हात हलवला.

ऊस तुटून गेला आणि पडवीतून थेट रस्ता दिसू लागला, तेव्हा एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी नंबर लावला. शिवांजलीनंच उचलला.

"आबा? काय काम होतं? मम्मी कपडे धुतेय."

"काम न्हाई."

"मग?"

"कायच न्हाई. असंच लावला."

"बरं," ती म्हणाली. "मी आता बघतेय. थांबा हं आबा, ठेवू नका."

तिनं फोन कुठंतरी खाली ठेवला. पलीकडून कसलंतरी गाणं ऐकू येऊ लागलं, लालासाहेबांनी कधीच न ऐकलेलं. मध्येच ती हसली. फोन कानाशी धरून ते बसून राहिले. ती काय बघते आहे, हे त्यांनी विचारलं नाही.