आत्याच्या कादंबरीतलं बटण

माझी आत्या कपडे शिवते. गेली अकरा वर्षं दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून ती एक कादंबरीही लिहीत होती, तीही ख्रिस्ती धर्माच्या अगदी सुरुवातीच्या काळावर. घरात तिची भरपूर थट्टा व्हायची. गिऱ्हाइकाची बाही अर्धी आणि बाई दोन हजार वर्षं मागे, असं मीच म्हणायचे.

हसले नाहीत ते फक्त बाबा, तिचे थोरले भाऊ. अंथरुणाला खिळल्यावरही ते प्रत्येक प्रकरण ऐकत. डॉक्टर म्हणाले होते, फार तर महिना. पुस्तक पंधरा दिवसांत छापून यायचं होतं आणि ते बाबांच्या हातात पडावं, एवढाच आत्याचा ध्यास होता.

शेवट असा होता: श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या भावाला बहीण ओळखते, तिने स्वतः लावून दिलेल्या बटणावरून. ऐकताना आम्ही सगळे रडलो. मग ऐकायला आलेल्या ग्रंथालयातल्या बाई हळूच म्हणाल्या, "अहो, त्या काळी काज-बटणं नव्हती. लोक गाठी मारायचे, टाचण्या लावायचे."

अशी चूक शिंपीणच करू जाणे. छापखानेवाला म्हणाला, "ताई, कोणाच्या लक्षात येणार आहे?" मीही तेच म्हटलं. आत्याने छपाई थांबवली. शेवट नव्याने लिहायला दोन महिने तरी लागणार होते. मी तिच्यावर भयंकर चिडले, बोलू नये ते बोलले.

ती बाबांच्या उशाशी जाऊन बसली. "दादा, छापू का तसंच?"

"चुकलंय हे कळलंय ना तुला?"

"हो."

"मग उसव. माझ्यासाठी घाई करू नकोस."

बाबा गेले तेव्हा तिने नवी एक ओळही लिहिलेली नव्हती. आठवड्याने तिने पेन हातात घेतलं. आज पुस्तक माझ्यापुढे आहे आणि इतकी हट्टी, इतकी सच्ची बाई मी दुसरी पाहिली नाही.

नव्या शेवटात बहीण भावाला चेहऱ्यावरूनच ओळखते. त्याला आंघोळ घालते, वस्त्र नेसवते, पण खांद्यावरची गाठ काही तिला मारता येत नाही. शेजारीण पुढे होते, तरी बहीण हात काढत नाही.

बाबांना शेवटचे कपडे घालताना आत्याचे हात असेच थांबले होते. शेजारी मीच उभी होते.