शालनवहिनींचा वांग

शालनवहिनींना जाऊन महिना झाला. त्यांच्याविषयी लिहा, असं पुतणीने सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि मग लिहिणं टाळत राहिलो. खरं तर ही गोष्ट मी कितीतरी वर्षं टाळतोय. त्या दिवशी माझ्या तोंडून चुकून निघून गेलं, असं आमच्या घरात सगळे समजतात. चुकून नव्हतं गेलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी, वयाने माझ्याहून लहान. दादा रेल्वेत, दौंडच्या कॉलनीत राहायला; मी शिरूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. रविवारी एसटीने दौंडला गेलो की चहा हातात पडायच्या आत वहिनींचा प्रश्न तयार असायचा. दूध उतू जातं, मग पाणी का जात नाही? उत्तर पटलं नाही तर म्हणायच्या, "हे पुस्तकातलं झालं भाऊजी, आता खरं सांगा." असा विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नाही.

नव्वदनंतरच्या एका वर्षी त्यांनी बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सला नाव घातलं. दोन मुली आमच्या आईपाशी ठेवून त्या रोज गाडीने पुण्याला जायच्या. आईला नातवाची घाई होती, तरी कोर्स होईस्तोवर दौंडला राहून पोरी सांभाळायचं तिने कबूल केलं होतं. त्या उन्हाळ्यात वहिनींच्या गालांवर, कपाळावर तपकिरी वांग उठला आणि आई हरखली. दोन्ही मुलींच्या वेळी असाच वांग आला होता, बाळंतपणानंतर फिका पडला होता. ती दुधात जायफळ उगाळून सुनेच्या गालाला लावायची आणि नजर पोटाकडे ठेवायची. पण वहिनींना दिवस गेलेले नव्हते, आणि वांग गडदच होत चाललेला. "पोट नाही, मग हा कशाचा?" वहिनींनी मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

मी तर पेटूनच उठलो. शिरूरच्या एका डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, गरोदरपणी बाईच्या शरीरात स्त्री-हॉर्मोन्स वाढतात, ती त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींना चेतवतात, उन्हाने त्यात भर पडते. आणि तशीच हॉर्मोन्स पाळणा लांबवायच्या गोळ्यांतही असतात... केवढा आनंद झाला मला! रविवारचीही वाट न बघता शनिवारी शाळा सुटताच मी दौंडची एसटी पकडली.

सगळे जेवायला बसले होते. मी बसल्या बसल्या सुरू झालो. हॉर्मोन्स, पेशी, ऊन... बोटाने ताटातल्या आमटीत चित्रं काढत होतो. "म्हणजे इथं कारणं दोनच," मी म्हणालो, "एक तर गरोदरपण..." वाढता वाढता वहिनी थांबल्या. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. अगदी थोडी, नको म्हणून. ती मी पाहिली. सगळं समजलंही. पण उत्तर जिभेवर आलं होतं, इतकं नेमकं बसणारं की मला ते गिळवेना.

"नाहीतर गोळ्या," मी वाक्य पुरं केलं.

आईने घास ताटात ठेवला. "म्हंजी ही गोळ्या खाती व्हय? आन् मी येडी जायफळ उगाळतीय."

दादाला गोळ्यांचं ठाऊक होतं. तो खाली मान घालून जेवत राहिला. दुसऱ्या दिवशी आई केडगावला गावी निघून गेली. पोरींना बघायला कुणी उरलं नाही आणि वहिनींचा कोर्स सुटला तो सुटलाच. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त प्रश्न विचारायच्या थांबल्या.

बऱ्याच वर्षांनी त्या आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मी माफी मागायची असं ठरवूनच दौंडला गेलो. दादा औषधं आणायला बाहेर गेलेला. वहिनी पलंगावर टेकून बसल्या होत्या, चेहरा कितीतरी उजळ झालेला. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "भाऊजी, वांग गेला बघा. पाळी थांबली, मग हळूहळू उतरला. का गेला, सांगा की."

इतक्या वर्षांनी प्रश्न! मी खुर्ची ओढली. हॉर्मोन्स कमी होतात, पेशी शांत होतात... मी सांगत सुटलो. पुरुषांना का येत नाही, त्यांनी विचारलं. त्यांनाही येतो, क्वचित, म्हटल्यावर खुदकन हसल्या. मग दादाच्या गालांवर लक्ष ठेवते म्हणाल्या. दादा आला, चहा झाला, शेवटच्या एसटीची वेळ झाली. दारात चपला घालताना मला माफीची आठवण झाली. मी वळून पाहिलं. वहिनी अजून हसत होत्या. मी म्हणालो, "येतो."