झाकणावरची वेळ

प्रेमला ड्रायव्हर लिहिते असं कळल्यावर शेजारच्या सुशीलाबाईंनी विचारलं होतं, "कुठल्या रूटची गं बस?" आता काय बोलणार, कपाळ! हा ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम. हॉस्पिटलांतले स्कॅन साठवणाऱ्या डिस्कपुढे कामांची जी रांग लागते, ती नीट लावणं हे प्रेमलाचं काम.

आल्या क्रमाने कामं दिली, तर डिस्कचा निम्मा वेळ इकडून तिकडे धावण्यातच जातो. जवळजवळची कामं जोडून एकदम दिली की वेग भन्नाट, पण लांबचं एखादं बिचारं ताटकळतं. म्हणून तिने प्रत्येक कामावर वेळ टाकली होती. एक सेकंद उलटला की बाकी सगळं थांबवून त्याला आधी घ्यायचं. तीन वर्षं खपली होती बाई त्या रांगेवर! आणि काल चाचणीत एक स्कॅन चक्क अकरा सेकंद अडकला. चालतात फक्त दोन. का अडकला, कुणालाच कळेना.

"उद्या पाचपर्यंत सापडलं नाही, तर तुमची रांग काढतो," साहेब सौमित्र तेव्हाच म्हणाला होता. "माझी साधी रांग तयार आहे. आल्या क्रमाने देऊ."

सकाळी ऑफिसला निघताना ती घराजवळच, कसबा पेठेत, विमलाबाईंच्या गिरणीत डोकावली. काल संध्याकाळी सहाला ठेवलेली तिची भाजणी तशीच!

"अहो, हे काय? तास झाला की गहू थांबवून भाजणी घेता ना?"

"घेतेच. वेळ लिहिते की झाकणावर खडूने, शोभेला नाही लिहीत." विमलाबाई जात्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "पण तुमच्यामागून पाऊण तासाने सुशीलाबाईंची भाजणी आली. म्हटलं, दोन्ही एकदमच दळू. डबे जोडले, नवी वेळ टाकली. मग आणखी एकीची आली. मग आणखी एकीची. तेवढ्यात गिरणी बंद करायची वेळ झाली."

"दर वेळी नवीच वेळ टाकलीत?"

"मग? जुनी कशाला ठेवू?"

प्रेमला किंचाळलीच. "विमलाबाई! अहो, मीही हेच केलंय! अगदी हेच!" डबा तिथेच टाकून ती रिक्षामागे धावत सुटली.

"भाजणी न दळता एवढं खूश झालेलं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघितलं," विमलाबाई म्हणाल्या.

कामं जोडताना नवी वेळ टाकणारी ती ओळ मेली एकच होती. प्रेमलाने ती बदलली. जोडीतली सर्वांत जुनी वेळ कायम ठेवायची, बस्स! पाचला चाचणी लागली तेव्हा तिला खुर्चीत बसवेना. आकडा आला. सगळ्यात रखडलेला स्कॅन, एक पूर्णांक तीन सेकंद.

"एकूण वेग थोडा उतरलाय," सौमित्र म्हणाला.

"उतरणारच. मध्येच वळायचं म्हणजे वेळ जातोच. पण तुमच्या साध्या रांगेच्या दुप्पट आहे की नाही?"

सौमित्रने दोन्ही आकडे ताडून पाहिले. मग त्याने आपल्या रांगेची फाइल उघडली. "ही काढून टाकू मग?"

"टाका," प्रेमला म्हणाली, आणि तिला एकदम रडूच फुटलं.